बाल मिठाई (अल्मोडा): खव्याच्या भाजणीपासून खसखशीच्या दाण्यांपर्यंत

निगुती

उत्तराखंडच्या कुमाऊंमधल्या अल्मोड्याची बाल मिठाई म्हणजे तपकिरी होईपर्यंत भाजलेल्या खव्याची वडी आणि तिला सगळ्या बाजूंनी चिकटलेले पांढरे साखरदाणे. दूध, साखर आणि दाण्यांच्या पोटातली खसखस, एवढंच सामान. वेलची नाही, केशर नाही, सुकामेवा नाही. चव उभी राहते ती फक्त भाजणीवर. नेटवर हल्ली सर्रास कोको पावडर घातलेल्या कृती दिसतात. त्यातून बरी वडी होईलही, पण ती बाल मिठाई नव्हे. म्हणून हा धागा.

प्रमाण : म्हशीचं न पातळ केलेलं दूध अडीच लिटर (खवा साधारण ५०० ग्रॅम उतरतो), साखर १८० ग्रॅम, साखरदाणे २०० ग्रॅम. ताटाला लावायला तूप. मिश्रणात तूप घालायचं नाही, खव्यातलंच पुरतं.

दूध पसरट, जाड बुडाच्या कढईत मोठ्या आचेवर आटवा. उकळी आल्यापासून कडेची साय सतत खरवडून दुधात ढकलत राहा. ती कडेवर वाळली तर पुढे खव्यात कडक पापुद्रे सापडतात आणि कितीही घोटलं तरी मोडत नाहीत. दूध रबडीइतकं झालं की आच मध्यम करा, गोळा व्हायला लागला की मंद. कढईपासून सुटून एकत्र फिरणारा गोळा झाला की खवा तयार. तो तसाच कढईत ठेवून पुढची भाजणी सुरू करता येते.

आता आच मंदच. लोखंडी किंवा लाकडी, पण सपाट धारेचं उलथनं घ्या, गोल डाव नको. खवा तळाशी पसरायचा, खरवडून उलटायचा, पुन्हा पसरायचा. पहिली दहा-बारा मिनिटं रंगात काहीच फरक दिसत नाही. खव्यात पाणी आहे तोवर त्याचं तापमान शंभर अंशांच्या आसपासच घोटाळतं. पाणी उडालं की तापमान चढतं आणि रंग भराभर बदलतो : आधी सायीचा, मग बदामाच्या सालीचा. इथे साखर घालायची. साखर विरघळली की मिश्रण एकदम सैल, चकचकीत होतं. घाबरू नका, ढवळत राहा. अजून १५-२० मिनिटांत ते पुन्हा दाटतं, रंग गडद तपकिरी होतो आणि उलथन्याने ओढलेली रेघ तळात दोन-तीन सेकंद उघडी राहते. गॅस बंद करा आणि बंद केल्यावरही तीन-चार मिनिटं ढवळा, कारण तापलेली कढई भाजत असतेच.

तूप लावलेल्या १५ सेंमी चौकोनी ट्रेमध्ये दोन सेंमी जाडीचा थर थापा. निदान १० ते १२ तास झाकून बाहेरच ठेवा. मग ३.७५ × २.५ सेंमीचे तुकडे कापा, दाण्यांत घोळवा. साधारण २४ तुकडे होतात.

कढईकाठ

उत्तम धागा. साखर कधी घालायची यावर थोडं.

तीन पद्धती चालतात. खव्याबरोबर सुरुवातीपासून साखर. खवा पूर्ण तपकिरी झाल्यावर साखर. आणि निगुती यांनी लिहिलेली मधली. सुरुवातीपासून साखर घातली तर मिश्रण बराच वेळ पातळ राहतं, बुडाला लागण्याची भीती कमी होते आणि वडी थोडी चिवट, चघळता येण्याजोगी होते. तोटा असा की पातळपणात रंग हळू चढतो आणि कंटाळून आच वाढवली जाते. अगदी शेवटी घातली तर खमंगपणा सर्वांत जास्त, पण तोवर खव्यात साखर विरघळवण्यापुरतं पाणीच उरलेलं नसतं. मग दाताखाली साखर कचकचते. शेवटी घालायचीच असेल तर पिठीसाखर घ्या, किंवा साखरेबरोबर तीन-चार चमचे गरम दूध.

रंगाचं कारण समजलं की आच आपोआप हातात येते. साधी साखर १६० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय स्वतः तांबूस होत नाही, आणि ही मिठाई त्याच्या बऱ्याच खाली शिजते. रंग येतो तो दुधातली साखर (लॅक्टोज) आणि दुधातली प्रथिनं यांच्या एकमेकांवरच्या क्रियेतून. तिला कोरडेपणा, उष्णता आणि वेळ तिन्ही लागतात. आच वाढवून वेळ वाचवायला गेलं तर तळाचा थर करपतो, वरचा पांढराच राहतो. दोन्ही मिसळले की रंग तपकिरी दिसतो खरा, पण चव कडवट लागते.

चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की रंग लवकर येतो. ही क्रिया अल्कलीत जोर धरते, त्यामुळे युक्ती शास्त्राला धरून आहे. माझं मत मात्र विरोधात. अर्ध्या किलोला चिमूट थोडी मोठी झाली तरी साबणासारखी चव उतरते, आणि रंग चवीच्या पुढे पळतो : दिसायला तयार, खायला कच्ची.

अबोली_क

विकतचा खवा वापरला तर चालेल का? आणि मिल्क पावडर, कंडेन्स्ड मिल्क वगैरे?

निगुती

अबोली, विकतचा चालतो, पण कोणता ते बघून घ्या. बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार असतात. घट्ट, गुळगुळीत गोळ्याचा (उत्तरेत त्याला पिंडी म्हणतात); सैल, ओलसर (धाप), जो गुलाबजामला घेतात; आणि रवाळ (दाणेदार), जो दूध आटवताना आंबट पदार्थाने किंचित फाडून करतात आणि कलाकंदाच्या जातीच्या मिठाईला वापरतात. बाल मिठाईला पिंडी घ्या. धाप घेतला तर पाणी उडवण्यातच वेळ जातो आणि वजन बरंच घटतं, म्हणून साखर अंदाजाने कमी करावी लागते. दाणेदार अजिबात नको. त्यातले दाणे भाजताना कडक होतात आणि वडीत वाळूसारखे लागतात.

ताजेपणा सर्वांत महत्त्वाचा. किंचित आंबूस वास येणारा खवा भाजताना फुटतो, तूप वेगळं आणि चोथा वेगळा होतो. त्यावर इलाज नाही. महाराष्ट्रात धाराशिव जिल्ह्यातल्या भूम-कुंथलगिरीकडचा खवा ताजा मिळाला तर या कामाला चांगला.

भेसळीची शंका असेल तर चमचाभर खवा पाण्यात उकळा, पूर्ण गार होऊ द्या आणि आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळा रंग आला तर पिष्ट आहे. गरम पाण्यात चाचणी फसते, रंग दिसतच नाही. पिष्टवाला खवा मिठाईत लगेच कळतो : भाजताना कणकेसारखा चिकटतो आणि तूप सुटतच नाही.

मिल्क पावडरचा झटपट खवा करायचाच तर पूर्ण स्निग्धांशाची पावडर घ्या. त्यात लॅक्टोज भरपूर असल्याने रंग फार लवकर चढतो, तेव्हा आच आणखी कमी. पोत जरा पिठूळ येतो. कंडेन्स्ड मिल्कमध्ये साखर आधीच भरपूर असते, भाजणी पुरी होईपर्यंत मिश्रण टॉफीकडे झुकतं. मी त्याच्या वाटेला जाऊ नका म्हणेन.

रानजाई

दाण्यांबद्दल कुणी सविस्तर लिहिलेलं नाही, म्हणून लिहिते. मिठाईची अर्धी ओळख तेच आहेत.

मूळ दाणा म्हणजे खसखशीच्या एकेका कणावर चढवलेले साखरेचे थर. संक्रांतीचा हलवा ज्यांच्या घरी होतो त्यांना हे तंत्र नव्याने शिकायला नको. फरक इतकाच की हलव्याला काटा हवा असतो, इथे दाणा गुळगुळीत हवा.

१० ग्रॅम खसखस, २०० ग्रॅम साखर, १०० मिली पाणी. खसखस जास्त घेऊ नका. कण जितके जास्त, तितकी साखर विभागली जाते आणि दाणे बारीकच राहतात. दोन मिलिमीटरचा दाणा हवा तर हे प्रमाण बरोबर. साखर पाण्यात उकळून त्यात चमचाभर दूध घाला, वर येणारी मळी काढा आणि पाक गाळा. एकतारीच्या जरा अलीकडे थांबा. पाक गरम राहावा म्हणून भांडं गरम पाण्यात ठेवा.

खसखस आधी कोरडी, मंद आचेवर किंचित गरम करा, रंग बदलू देऊ नका. पितळी परात किंवा जाड ताट अगदी मंद शेगडीवर (गॅसवर तवा ठेवून त्यावर ताट) ठेवून त्यात खसखस पसरा. अर्धा चमचा पाक घाला आणि बोटांच्या टोकांनी, तळव्याने, सतत गोल फिरवत राहा. दाणे पूर्ण सुटे, कोरडे झाले की पुढचा अर्धा चमचा. पहिले आठ-दहा थर सर्वांत नाजूक. कण इतके हलके असतात की पाक जरा जास्त झाला तर गुठळ्या बांधतात. गुठळ्या झाल्या तर लगेच बारीक चाळणीतून चाळा आणि हाताने मोडा. वरून पाक घालत राहिलात तर त्या कायमच्या.

पाक दाट असेल, हात थांबत असेल, तर काटे येतात. पातळ पाक आणि न थांबणारा हात, की दाणा गुळगुळीत होतो. आच वाढली तर दाणे पिवळट पडतात. हे एका बैठकीचं काम नाही. अर्धं आज, अर्धं उद्या करा, मधे दाणे पातळ कपड्यावर पसरून ठेवा. रात्रभरात आतला ओलावा निघून जातो आणि दुसऱ्या दिवशी पाक नीट धरतो.

मृण्मयी२

रानजाई, सुरेख लिहिलंत. ज्यांना एवढा खटाटोप शक्य नाही त्यांनी केकवर लावायचे बारीक पांढरे साखरमणी आणावेत. होमिओपॅथीच्या औषध न घातलेल्या साखरगोळ्याही घेतात, त्यातल्या सर्वांत बारीक घ्या. खसखशीचा किंचित तेलकट खमंगपणा त्यात नाही, पण दिसायला आणि कुरकुरीतपणाला ठीक. आता बाजारातल्याही बऱ्याच बाल मिठाईत नुसत्या साखरेचेच दाणे असतात.

दाणे चिकटवायला काय लावायचं? नुसत्या वडीला ते नीट धरत नाहीत.

कढईकाठ

ताज्या कापलेल्या बाजूंना बऱ्यापैकी धरतात, वरच्या-खालच्या वाळलेल्या बाजूंना नाही. दोन चमचे साखर, दीड चमचा पाणी, उकळून बोटांना चिकट लागेल इतपतच पाक करा, तार नको. पूर्ण गार करून ब्रशने पातळ हात फिरवा. लिक्विड ग्लुकोज असेल तर त्याचे पाच-सहा थेंब पाकात घाला, पाकाची साखर पुन्हा जमत नाही. पाक पाण्यासारखा पातळ असला तर दाणे विरघळून तपकिरी होतात. एकतारी असला तर वाळून त्याची पापडी बनते आणि दाण्यांसकट निखळून येते.

दाणे पसरट ताटलीत अर्धा सेंमी थर करून घ्या. वडी त्यावर ठेवून हलकी दाबा, बाजू बदला. वरून भुरभुरवले तर विरळ बसतात. घोळवलेल्या वड्या तासभर जाळीवर, एकमेकींना न चिकटवता ठेवा. वडी कोमट असताना घोळवणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक : सुटलेलं तूप दाण्यांत शिरतं, दाणे पारदर्शक दिसू लागतात आणि दुसऱ्या दिवशी गळून पडतात.

अबोली_क

धन्यवाद सगळ्यांना. एक शंका. भाजताना भरपूर तूप सुटून मिश्रण तेलकट, तुटक झालं तर ते फेकायचं का? आणि सेट झाल्यावर कापताना भुगा होत असेल तर?

निगुती

फेकू नका. तूप वेगळं होणं म्हणजे आच जास्त होती किंवा पाणी गरजेपेक्षा जास्त उडालं. गॅस बंद करा, दोन चमचे गरम दूध घाला आणि जोरात घोटा. मिश्रण पुन्हा एकजीव होतं. तरी तूप वर राहिलंच तर चमच्याने काढून घ्या.

भुगा होत असेल तर तीच गोष्ट, फक्त उशिरा लक्षात आलेली. तुकडे कढईत मोडा, अर्ध्या किलोला चार चमचे दूध घालून मंद आचेवर पुन्हा एकत्र करा आणि थापा. दुसऱ्यांदा थापलेली वडी जरा जास्त गडद दिसते, चवीत फारसा फरक नाही. याच्या उलट, बारा तासांनीही बोट रुतत असेल तर ती कमी शिजलीय : पुन्हा कढईत घालून दहा मिनिटं परता. अशी ओलसर वडी दाण्यांत घोळवू नका. दाणे आतला ओलावा ओढतात आणि वडी चार दिवसांत बुरसते.

लोखंडी कढई नीट मुरलेली नसेल तर काळे ठिपके येतात. त्यापेक्षा जाड बुडाची पितळी, कल्हई केलेली किंवा ॲल्युमिनियमची बरी. नॉनस्टिकमध्ये चिकटत नाही, पण तळाला धरून सुटणारा तांबूस थर मिळत नाही, आणि खमंगपणाचा मोठा वाटा त्या थरात असतो. तो सतत खरवडून मिसळायचा असतो, करपू द्यायचा नसतो.

देवदार

थोडी पार्श्वभूमी. अल्मोड्याच्या बाजारातले हलवाई लाला जोगाराम शाह यांना या मिठाईचं श्रेय दिलं जातं, काळ विसाव्या शतकाची सुरुवात. जवळच्या फलसीमा गावच्या दुधाचं नाव त्या संदर्भात घेतलं जातं. २०२२ मध्ये थॉमस करंडक जिंकल्यावर अल्मोड्याचा बॅडमिंटनपटू लक्ष्य सेन याच्याकडे पंतप्रधानांनी हीच मिठाई मागितली आणि त्याने ती नेऊन दिली, तेव्हा देशभर तिचं नाव पुन्हा ऐकू आलं.

दाणे न लावलेल्या त्याच वडीला तिथे ‘चॉकलेट’ म्हणतात. त्यात कोको नसतो, नाव रंगावरून. दुकानात मागताना हे लक्षात असू द्या. भाजणी जोखायची असेल तर आधी ‘चॉकलेट’चा तुकडा चाखा, दाण्यांची गोडी मधे येत नाही. मधोमध मोडून बघा : आत-बाहेर रंग सारखा हवा आणि मोडलेली बाजू किंचित रवाळ दिसायला हवी. आरशासारखी गुळगुळीत आणि चिवट असेल तर साखर जास्त, खवा कमी.

तिथली तिसरी मिठाई सिंगोरी. ती पांढरट, न भाजलेल्या खव्याची असते, मालूच्या पानाच्या शंकूत भरलेली. मालू हा आपट्याच्याच कुळातला प्रचंड वेल (बौहिनिया वाहली), पानही आपट्यासारखंच दुभंगलेलं, पण कितीतरी मोठं. खवा आणि साखर (किलोला २५० ते ३०० ग्रॅम) एकत्र परतून घट्टसर झाली की कोमट असतानाच पानात भरतात आणि काही तास तशीच ठेवतात, कारण पानाचा वास मिठाईत उतरायला वेळ लागतो. पळसाच्या पानाचा शंकू आकाराला चालेल, तो वास मात्र येणार नाही. प्रवासात सिंगोरी टिकत नाही, दोन दिवसांत संपवा.

रानजाई

आपल्याकडे याच्या जवळचं काय, तर साताऱ्याचा कंदी पेढा. खवा भाजूनच करतात, पण भाजणी बदामी रंगाच्या जरा पुढे थांबवतात आणि साखर बेताची. बेळगावचा कुंदा त्याच वाटेवरचा, फक्त ओलसर आणि रवाळ ठेवलेला. धारवाडी पेढा रंगाने बाल मिठाईच्या सर्वांत जवळ आणि त्यालाही बाहेरून साखर, पण पिठीसाखरेत घोळवलेली. कंदी पेढ्याचा हात बसलेल्या माणसाला बाल मिठाई अवघड नाही. तिथे थांबता त्याच्या पुढे दहा मिनिटं, आणखी मंद आचेवर, एवढंच.

मृण्मयी२

टिकण्याबद्दल कुणी सांगेल का? मुंबईच्या दमट हवेत दाण्यांना पाणी सुटतं.

कढईकाठ

नीट भाजलेली बाल मिठाई थंड, कोरड्या हवेत आठवडाभर बाहेर राहते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात साखरदाणे हवेतलं पाणी ओढतात, तिथे वड्या न घोळवता हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा आणि लागतील तेवढ्याच घोळवा. फ्रिजमधून काढल्यावर डबा बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्या. लगेच उघडलात तर गार वडीवर बाष्प जमतं आणि दाणे पाघळतात. अल्मोड्याहून आणत असाल तर दुकानातला पुठ्ठ्याचा डबा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका. पहाडाच्या पायथ्याच्या काठगोदामपर्यंतचा ९० किमीच्या आसपासचा उतार संपला की तराईची उष्ण हवा लागते, आणि बंद पिशवीत आतून घाम धरतो.

थर्मामीटर वापरणाऱ्यांसाठी एक. अल्मोडा समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटरवर आहे, तिथे पाणी साडेचौऱ्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे तिथला पाक इकडच्यापेक्षा साधारण पाच अंश आधीच त्याच दाटपणाला पोचतो. पहाडातल्या कुणी आकडे दिले तर ते इथे जसेच्या तसे धरू नका. तार आणि तळातली रेघ सगळीकडे सारखीच.

देवदार

परदेशातल्या मंडळींसाठी महत्त्वाचं. दाण्यांच्या आत खसखस असते आणि संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, सिंगापूर इथे खसखस नेणं कायद्याने गुन्हा ठरू शकतं. मिठाई आहे म्हणून सूट नाही. तिकडे न्यायची असेल तर ‘चॉकलेट’ न्या आणि दाणे तिथे साखरमण्यांचे लावा. डब्यावर खसखशीचा उल्लेख नाही म्हणून ती नाही, असं धरू नका. दुकानदाराला विचारा, तरी शंका उरली तर नेऊ नका.

निगुती

देवदार, हे फार बरं केलंत, वरच्या कृतीत ही सूचना जोडते. परदेशात गायीचं दूध वापरणाऱ्यांनी तीन लिटर घ्यावं : लिटरमागे खवा १७०-१८० ग्रॅमच उतरतो, रंग आधीच पिवळसर असतो आणि तूप कमी सुटतं. साखर घालताना चमचाभर साजूक तूप घाला, म्हणजे तळाला धरणार नाही. रंगाचा अंदाज घेताना मूळचा पिवळेपणा लक्षात ठेवा, नाहीतर भाजणी पुरी व्हायच्या आधीच गॅस बंद होईल.